संस्थेचं काम कोणतं, गावाचं कोणतं?

(भाची नुकतीच एका सामाजिक संस्थेत रुजू झाली आहे. मामांनी अनेक वर्षं गडचिरोलीच्या गावांत काम केलं आहे.)

भाची : मामा, आमचा तीन वर्षांचा प्रकल्प आहे. प्रशिक्षणं, बचत गट, लाभार्थी यांचे आकडे दर महिन्याला पाठवतो. पण प्रकल्प संपला की गट मोडतात. असं का होतं?

मामा : हा प्रकल्प घ्यायचा, हे ठरवलं कोणी?

भाची : संस्थेने आणि देणगीदारांनी. गावाला नंतर बैठकीत सांगितलं.

मामा : मग गावाच्या लेखी ते काम तुमचंच. तुम्ही गेलात की संपलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघ. शंभरेक घरांचं गोंड गाव. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्धच्या आंदोलनात गावातले देवाजी तोफा आणि इतर गावकरी उतरले. पुढे त्यांनी घोषणाच दिली : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’

भाची : म्हणजे तिथे संस्था नव्हतीच?

मामा : होती की! मोहन हिराबाई हिरालाल यांची ‘वृक्षमित्र’. पण गावाचे पुढारी व्हायचं नाही, हे त्यांनी पाळलं. गावात अभ्यास गट चालायचा. बाहेरची जाणकार माणसं तिथे बसत, कायदा, जंगल, मध काढण्याच्या पद्धती यांवर चर्चा होई. अभ्यास गटात निर्णय मात्र व्हायचा नाही. तो ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने.

भाची : एकच माणूस अडून बसला तर?

मामा : विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्यायचा. वेळ लागतो, पण विचार कर : बहुमताने जंगलाचा नियम केला आणि हरलेल्यांनी तो मनातून मानला नाही, तर रात्री कोण काय तोडतंय यावर पहारा कोण ठेवणार? सगळ्यांनी मान्य केलेला नियम सगळेच राखतात.

भाची : या अभ्यासाचा प्रत्यक्ष उपयोग काय झाला?

मामा : वनहक्क कायदा आला २००६ मध्ये. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. पण तेव्हा बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागायचा. परवान्याशिवाय गाडी निघाली की जप्त होणार, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे! १९२७ चा वन कायदा बांबूला झाड समजायचा, तर नव्या कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्काचा. हा फरक गावाला नेमका ठाऊक होता, म्हणून ग्रामसभा हटली नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हा लढा संस्थेने गावासाठी लढला असता, तर पुढच्या अडचणीला गाव पुन्हा संस्थेच्याच दारात उभं राहिलं असतं.

भाची : पण आम्ही काम करतो त्या गावांत अनेक जाती आहेत. तिथे सर्वसहमती म्हणजे चार बड्या घरांची मर्जी.

मामा : रास्त शंका आहे. मेंढा मुख्यतः एकाच समाजाचं, आणि जंगल सामाईक. जिथे जमीन मोजक्या घरांकडे आहे, तिथे भूमिहीन मजूर गप्प बसला की त्याचा होकार धरला जातो. तिथे संस्थेने आधी मजुरांची, बायकांची वेगळी बैठक घ्यावी. त्यांचं म्हणणं पक्कं झालं, एकमेकांचा आधार मिळाला, की मग ग्रामसभेत जावं.

भाची : आणि देणगीदारांना काय सांगू?

मामा : वेळ माग आणि मोजमाप बदल. ग्रामसभा तुमच्या निमंत्रणाशिवाय किती वेळा बसली? बायकांनी मांडलेल्या विषयांवर किती ठराव झाले? हिशेब सगळ्यांसमोर वाचला का? कार्यकर्ता आला नाही तेव्हा कोणतं काम पार पडलं? अहवालात हे लिही. संस्थेने माहिती द्यावी, कायदा समजावून सांगावा, अवघड प्रश्न विचारावेत. निर्णय गावानेच घ्यावा. पुढच्या प्रकल्पाचा अर्ज भरण्याआधी तो विषय ग्रामसभेत मांडा, आणि गाव नको म्हणालं, तर अर्ज करू नका.