टेलस्टॉक पक्का धरत नाही? आधी दोष शोधा, मग पाना उचला



आपल्या जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. तेव्हापासून उसाच्या जोडीने लोखंडकामही आपल्या भागात वाढले. आज लेथ कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये आहे, तसा बाजाराच्या गावी मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या आपल्याच मुलांकडेही आहे. यातले बरेच लेथ जुने. हरिहरचा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना १९४१ चा. तो आता बंद पडला, पण त्याचे लेथ अजून चालताना दिसतात. जुन्या लेथची नेहमीची तक्रार एकच, "टेलस्टॉक धरत नाही."

शाफ्टचे एक टोक चकात, दुसरे टेलस्टॉकच्या सेंटरवर. टेलस्टॉक मागे सरकला की शाफ्ट थरथरतो, काप खडबडीत येतो, आणि जास्तच सरकला तर फिरता शाफ्ट सेंटरवरून निसटतो. तो टर्नरच्या हातावर, छातीवर येऊ शकतो. म्हणून 'चालतंय तोवर चालू द्या' हे इथे उपयोगाचे नाही.

दोष कुठे आहे?

सरकणाऱ्या जागा तीन: बेडवरचा टेलस्टॉकचा सांगाडा, त्यातून पुढे येणारी नळी, आणि नळीतला सेंटर. सगळे आवळून झाल्यावर या तिन्ही जोडांवर पेन्सिलीने रेघ मारा. हलका काप घ्या, लेथ पूर्ण थांबवा आणि बघा. जिथली रेघ हलली, तिथेच दोष.

सांगाडा सरकत असेल तर क्रमाने असे करा:

१. टेलस्टॉक बेडच्या टोकाला नेऊन उतरवा. वजन असते, दोघांनी धरा. बेड, टेलस्टॉकचा तळ आणि खालची पकडपट्टी रॉकेलच्या फडक्याने पुसा. लोखंडाचा कीस आणि जुने ग्रीस एवढ्यानेच निम्म्या तक्रारी होतात. हवेच्या नळीने उडवू नका. कीस फटीत जातो.

२. पकडपट्टी तिरकी किंवा उलटी बसली आहे का बघा. कडेला बर उठली असेल तर बारीक कानशीने काढा. कानस पट्टीला लावायची, बेडला कधीही नाही. निळा रंग पुसटसा लावून आवळून बघा. दोन्ही बाजूंना डाग उमटला पाहिजे.

३. हँडल शेवटपर्यंत जाऊनही पकड येत नसेल, तर पट्टी खाली लोंबते आहे. तिचा नट पाव आटा आवळा आणि पुन्हा बघा. हँडल सुरुवातीला मोकळे, शेवटाआधी कडक झाले पाहिजे. आणि सोडल्यावर टेलस्टॉक सहज सरकला पाहिजे.

४. तरीही ढिला राहिला तर हँडलखालचा एक्सेंट्रिक झिजला आहे, पिन कापली आहे किंवा बोल्टचे आटे ओढले गेले आहेत. तो भाग बदला. जुना बोल्ट वेल्डिंग करून चालवू नका.

हँडलला पाइप घालून ओढण्याची सवय मात्र सोडा. बिडाचा सांगाडा वाकत नाही, एकदम तडकतो.

नळी हलत असेल तर तिचा लॉक उघडून पुसा. आतले तुकडे वाकडे बसले असतील तर सरळ बसवा. सेंटर सरकत असेल तर त्याची निमुळती शेपटी आणि नळीचे भोक कोरडे, स्वच्छ करून सेंटर पुन्हा बसवा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. एक मीटर लांबीचा पोलादी शाफ्ट ५० अंशांनी तापला तर सुमारे ०.६ मिलिमीटर वाढतो. तो सेंटरला मागे रेटतो, आणि आपण दोष टेलस्टॉकला देतो. लांब कामात अधूनमधून लेथ थांबवून सेंटरचा दाब तपासा, थोडा सैल करा, पुन्हा लॉक करा.

ही तपासणी बंद हंगामात उरकली तर बरी. गाळप सुरू असताना पंपाचा शाफ्ट लेथवर अडला की गव्हाण थांबते, गाडीतळावर ऊस वाळतो, आणि त्याचे वजन शेवटी तुमच्या-आमच्या बिलातूनच जाते.