आकाशांत नसलेला मेघ

जून २०२० मध्यें आपल्या जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें पाणी गुलाबी झालें, आणि त्याचीं छायाचित्रें देशोदेशीं पाहिलीं गेलीं. एकच चित्र असंख्य लोकांस कसें पोंचतें?

इंटरनेटवरील पुष्कळशीं चित्रें ‘क्लाउड’मध्यें, म्हणजे मेघांत, असतात. हा मेघ मात्र भूमीवरच, संगणकांनीं भरलेल्या इमारतींत असतो. अमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस अशीं केंद्रें सुरू केलीं. तेथील जागा भाड्यानें घेऊन कोणी चित्रांसाठीं ‘प्लॅटफॉर्म’ उभारतो. मूळ चित्र जतन करणें, मागणीप्रमाणें लहान प्रती काढणें व त्या वाचकाच्या जवळच्या केंद्रांत ठेवणें, हीं त्याचीं तीन कामें. सॉफ्टवेअर लिहिणारानें केवळ चित्राचा पत्ता व हवा तो आकार कळवावा. बाकीचे श्रम वांचतात.

आतां थोडें गणित करूं. ४०००×३००० बिंदूंच्या चित्रांत १,२०,००,००० बिंदू असतात. ४००×३०० च्या प्रतींत १,२०,०००, म्हणजे केवळ शतांश! हातांतील लहान पडद्यास एवढी प्रत बहुधा पुरते.

विद्यार्थिमित्रहो, जेथें इंटरनेट मंद चालतें, अशा खेड्यांतील मुलासही चित्र वेळेवर दिसावें, हीच अशा रचनेची खरी कसोटी होय.