भुलेचे भय

प्रश्न : पुढील आठवड्यात माझी पित्ताशयाची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. शस्त्रक्रियेपेक्षा भुलेचीच धास्ती अधिक वाटते. मध्येच जाग आली, किंवा जागच आली नाही, तर?

उत्तर : आपल्या देहाचा ताबा काही काळ सर्वस्वी परक्याच्या स्वाधीन करावयाचा, ही कल्पनाच मुळी अस्वस्थ करणारी असल्यामुळे या भयाची लाज बाळगण्याचे प्रयोजन नाही. १८४६ साली बोस्टन येथे मॉर्टन या दंतवैद्याने भुलेसाठी ईथरचा जाहीर प्रयोग केला, तेव्हापासून हे शास्त्र फार सावध झाले आहे. भूलतज्ज्ञ औषध टोचून निघून जातो, हा सार्वत्रिक समज साफ चुकीचा असून, आपण शुद्धीवर येईपर्यंत नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू आणि उच्छ्वासातील कर्बवायू यांवर त्याची अखंड नजर असते. मध्येच जाग येण्याविषयी म्हणाल, तर ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ च्या पाहणीत अशी तक्रार सुमारे १९,००० रुग्णांमागे एकाचीच आढळली.

पूर्वतपासणीच्या वेळी मात्र दमा, हलणारे दात, चालू औषधे, तंबाखूची सवय (ही हटकून लपवली जाते!), आप्तांपैकी कोणास भुलेचा झालेला त्रास, ही सारी हकिकत निःसंकोच सांगावी, आणि आपली भीतीही सांगावी, म्हणजे आवश्यक वाटल्यास मन शांत करणारे औषध आधी देण्याची तजवीज करता येते. सामान्यतः सहा तास अन्न व दुधाचा चहा, आणि दोन तास पाणीही वर्ज्य असते. घरच्यांच्या आग्रहाखातर चोरून घेतलेला घोटभर चहा भुलेत उलटून फुप्फुसांत उतरण्याचा धोका असल्याने, येथे तिळमात्र हयगय करू नये.