दात काढणे : बधिरता, गुंगी आणि भूल

दाढ ठणकू लागली म्हणजे मनुष्य लवंग चघळतो, रात्र बसून काढतो. परंतु ती काढून घेण्यास जात नाही. दुखण्याहून काढण्याचे भय त्यास मोठे वाटते. हे भय आज कितपत साधार आहे, ते पाहू.

वेदनाहरणशास्त्राचा आरंभ दंतवैद्यांच्याच हातून झाला. १८४४ साली अमेरिकेत हॉरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. १८४६ साली विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बॉस्टन येथे ईथरचा गुण सर्वांसमक्ष सिद्ध केला. पुढील वर्षी एडिंबरो येथील डॉ. सिंप्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. परंतु त्याने काही रोगी शस्त्रक्रिया चालू असतानाच दगावू लागले.

त्याचे कारण शोधण्याचा एक मोठा प्रयत्न हैदराबादेस झाला. आपले आखाडा बाळापूर त्या काळी निजामाच्याच राज्यात होते. सर्जन-मेजर एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने तेथे १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्म कमिशन नावाची दोन मंडळे बसली. दुसऱ्यासाठी निजाम सरकारने एक हजार पौंड दिले व लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. जनावरांवर पुष्कळ प्रयोग करून मंडळाने असा निर्णय दिला की, आधी श्वास थांबतो व मागाहून हृदय; सबब श्वासावर दृष्टी ठेवावी. हा उपदेश हितकर, पण अपुरा होता. क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असतानाही हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखविले. क्लोरोफॉर्म आता मागे पडला. श्वास व हृदय या दोहोंवर पहारा हवा, हा धडा मात्र राहिला.

आज तीन मार्ग आहेत. पहिला बधिरतेचा. १९४३ साली स्वीडनमध्ये सिद्ध झालेले लिग्नोकेन हिरडीत टोचले असता मज्जातंतूतून वेदनेचा संदेश पुढे जात नाही. दाब जाणवतो, वेदना नाही. बहुतेक दातांस एवढे पुरते. मात्र पू झालेल्या जागी औषधाचा गुण कमी येतो. म्हणून विलंब करू नये. ओठ काही तास बधिर राहतो. तोवर तो चावला जाणार नाही, असे जपावे.

दुसरा मार्ग गुंगीचा. फार भित्र्या रोग्यास प्राणवायूत मिसळलेला नायट्रस ऑक्साइड नाकावाटे देतात, किंवा शिरेतून औषध देतात. भय निवळते, तरी बधिर करणारी सुई लागतेच. शिरेतून औषध घेतलेल्याने एकट्याने घरी जाऊ नये.

तिसरा मार्ग पूर्ण भुलीचा. हाडात अडकलेल्या अनेक दाढा काढावयाच्या असल्या, किंवा रोगी स्वस्थ बसू शकत नसला, तर भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली इस्पितळात ती देतात. त्यापूर्वी सांगितल्याप्रमाणे उपाशी राहणे अत्यावश्यक. अन्यथा पोटातील अन्न श्वासनलिकेत जाऊन प्राणावर बेतते.

जेवढी खोल निद्रा, तेवढा पहारा कडक. म्हणून थोडक्यात भागत असेल तेथे अधिक मागू नये. हृदयविकार, रक्त पातळ करणारी औषधे, पूर्वी एखाद्या औषधाने झालेला त्रास, हे सर्व डॉक्टरांस आधीच सांगावे. वेदना दूर करणे डॉक्टरांचे काम खरे. पण वेळेवर जाणे व खरे सांगणे हे आपलेच.