प्रतीकाचा अर्थ आणि आचार : राष्ट्रध्वज

भाषिक चिन्ह आणि त्याचा अर्थ यांतील संबंध यादृच्छिक असतो, हे आपण जाणता. 'झाड' या ध्वनींत झाडासारखे काही नसते. समाजाच्या संकेताने तो अर्थ सिद्ध होतो. शब्दांपलीकडील प्रतीकांना हे तत्त्व कसे लागू पडते, ते प्रस्तुत घटकात राष्ट्रध्वजाच्या आधारे पाहू.

मराठीत या एका वस्तूला अनेक नावे आहेत. वारकऱ्याच्या खांद्यावर पताका असते, कामगारांच्या मोर्चात बावटा, पेशव्यांच्या फौजेपुढे जरीपटका. औपचारिक लेखनात आपण 'ध्वज' लिहितो, बोलताना 'झेंडा' म्हणतो. आणि 'अटकेपार झेंडा लावणे' या वाक्प्रचारात तर कापड उरतच नाही, केवळ पराक्रम उरतो.

अर्थ कसा घडतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे नागपूरचा १९२३चा झेंडा सत्याग्रह. तेव्हाच्या ध्वजावर पांढरा, हिरवा व तांबडा असे पट्टे आणि चरखा होता. त्याला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. तो घेऊन सिव्हिल लाइन्समधून जाण्यास सरकारने मनाई केली. १ मेपासून सत्याग्रहींच्या तुकड्या ध्वज घेऊन निघू लागल्या आणि तुरुंगात जाऊ लागल्या. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यानंतर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे घेतली. अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच भागातून गेली. येथे एक गोष्ट सहसा निसटते : मनाई करणाऱ्या सरकारनेही त्या ध्वजाचा अर्थ मान्यच केला होता. नुसते कापड कोण अडवील?

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने आजचा ध्वज स्वीकारला. चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र आले. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हा शालेय पाठ चुकीचा नाही. अपुरा मात्र आहे. प्रतीकाचा अर्थ व्याख्येपेक्षा आचारात अधिक टिकतो.

या आचाराचे व्याकरण २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेल्या भारतीय ध्वजसंहितेत सापडते. दुखवट्याच्या वेळी ध्वज थेट अर्ध्यावर चढवायचा नसतो. आधी क्षणभर टोकापर्यंत नेऊन मग अर्ध्यावर आणायचा, आणि उतरवण्यापूर्वी पुन्हा टोकापर्यंत न्यायचा. शोकसुद्धा पूर्ण उंचीवरूनच व्यक्त होतो. याहून उद्बोधक उदाहरण दहनाचे. सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळणे हा १९७१च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध अधिनियमानुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. फाटलेला, खराब झालेला ध्वज मात्र संहितेनुसार खाजगीत, शक्यतो जाळूनच, सन्मानाने नष्ट करायचा असतो. कृती एक, अर्थ परस्परविरुद्ध. वाक्याचा अर्थ प्रसंगावर अवलंबून असतो, हे सांगण्यासाठी मला वर्गात याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

करंजाडे येथील एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घ्या. १५ ऑगस्टला सकाळी ध्वजवंदनास रहिवासी सावधान उभे राहतात; दुपारपर्यंत मुलांच्या हातांतील कागदी झेंडे पावसाच्या चिखलात जातात. कागदी ध्वजही जमिनीवर टाकू नये, त्याचीही सन्मानाने खाजगीत विल्हेवाट लावावी, असे संहिता सांगते. मुलांच्या मनात अवमानाचा हेतू नसतो, हे खरे. पण संकेत हेतूवर चालत नाही. चुकीच्या विभक्तीने वाक्याचा अर्थ बिघडतो, तो बोलणाऱ्याच्या मनात काय होते हे पाहून बिघडत नाही.

स्वाध्याय : 'ध्वजारोहण', 'ध्वजवंदन' आणि 'झेंडा फडकवणे' हे प्रयोग आपल्या परिसरात कोण, कोणत्या प्रसंगी करते, याची नोंद करा व त्यांतील अर्थच्छटांचा भेद स्पष्ट करा.