‘प्रकटीकरणा’चा काळ

नव्या कराराचे शेवटचे पुस्तक ‘प्रकटीकरण’. पात्म बेटावर योहानाला घडलेले दर्शन त्यात वर्णिले आहे. ते केव्हा लिहिले गेले, याविषयी विद्वानांत दोन पक्ष आहेत. एक इ. स. ७० पूर्वीचा, नीरो बादशहाच्या आगेमागेचा काळ मानतो. दुसरा डोमिशियनच्या कारकीर्दीची अखेर, म्हणजे सुमारे इ. स. ९५.

पहिल्या पक्षाची भिस्त ग्रंथातील पुराव्यावर आहे. अकराव्या अध्यायात मंदिराचे मोजमाप घेण्याची आज्ञा आहे. यरुशलेमचे मंदिर तर रोमनांनी इ. स. ७० मध्ये जाळले. श्वापदाची संख्या ६६६. ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमती मिळविल्या, तर बेरीज तेवढीच येते. शेवटचा ‘न’ (५०) गाळला तर ६१६ उरतात, आणि काही जुन्या प्रतींत नेमका हाच आकडा आहे! १९७६ मध्ये जॉन रॉबिन्सन यांनी याच पक्षाचा हिरिरीने पुरस्कार केला.

दुसऱ्या पक्षाचा मुख्य साक्षीदार इरेनियस. सुमारे इ. स. १८० मध्ये तो लिहितो, की हे दर्शन डोमिशियनच्या अखेरीस घडले. शिवाय ग्रंथात रोमला ‘बाबेल’ म्हटले आहे. बाबेलने पहिले मंदिर पाडले, रोमने दुसरे. म्हणून यहुदी लेखनात हे नाव रोमला चिकटले ते इ. स. ७० नंतर.

मला दुसरा पक्ष अधिक सबळ वाटतो. जुन्या वाड्याचे खांब नव्या घरात बसविता येतात. त्यावरून घर जुने ठरत नाही. लेखक जुनी दर्शने, नीरोची जुनी दहशत पुन्हा वापरू शकतो. पुढे रूढ होणारे नाव मात्र आधी वापरू शकत नाही. ग्रंथाचा काळ ठरवावा तो त्यातील सर्वांत नव्या अंशावरून.

हा वाद केवळ सनावळीचा नव्हे. डोमिशियनने साम्राज्यभर ख्रिस्ती लोकांचा छळ केला, याला समकालीन पुरावा तुटपुंजा आहे. सात मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत नावानिशी उल्लेखिलेला हुतात्मा एकच, पर्गमचा अंतिपा. उलट लावदिकीयाच्या मंडळीला दोष दिला आहे तो ‘आम्ही श्रीमंत आहोत’ या समाधानाबद्दल. उशिराचा काळ मान्य केला, तर हा ग्रंथ छळाने पोळलेल्यांचे सांत्वन करतोच. पण त्याहून अधिक, रोमच्या वैभवात सुखाने रुळलेल्यांना तो खडसावून जागे करतो.