वृद्धाश्रमातल्या भेटीत हसायचं कसं?

आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवलं तर वस्तीत ते आजही लपवावं लागतं. "म्हातारीला टाकलं" असं लोक बोलतात. पण दहा बाय बाराची खोली, घरातले सगळे कामावर आणि आई अंथरुणाला खिळलेली, अशा घरात चोवीस तासांची शुश्रूषा होत नाही. हे आम्ही घरोघरी पाहतो. ठेवणं हा गुन्हा नाही. ठेवल्यावर जाणं बंद होतं, तेव्हा माणूस तुटतो. आणि जाणं का बंद झालं, असं विचारलं की बायाबापड्या सांगतात, "बोलायचं काय? ती रडते, मी रडते. परत येताना पाय उचलत नाहीत."

म्हणून आजचा पाठ हसण्याचा.

हसण्याने काय होतं?

हसणं म्हणजे औषध नव्हे. त्याने स्मृतिभ्रंश बरा होत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ३५ वृद्धाश्रमांमध्ये विनोदाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. त्यात उदासीवर फारसा फरक दिसला नाही, पण म्हाताऱ्या माणसांची अस्वस्थता आणि चिडचिड कमी झाली. स्मृतिभ्रंशात नुकतं घडलेलं आधी पुसलं जातं. तुम्ही येऊन गेलात हे आई विसरेल, पण भेटीतलं बरं वाटणं त्यानंतरही काही वेळ मनात राहतं. आणि हसून परतलेली मुलगी पुढच्या रविवारी पुन्हा जाते, हा फायदाही लहान नाही.

आईसोबत हसा, आईला हसू नका

"ओळख बरं, मी कोण?" असं विचारू नका. ती परीक्षा होते, आणि नापास झाल्याचं आईला कळतं. "आई, मी तुझी धाकटी आले," असं आपणच सांगावं.

एका आजीने लेकीला विचारलं, "तू कुणाची गं?" लेक म्हणाली, "तुमचीच, व्याजासकट!" आजी खळखळून हसल्या. नाव आठवलं नाही, पण हात सोडला नाही. एक बाबा जन्मभर सफाई खात्यात मुकादम होते. आश्रमात ते रोज सकाळी नर्सची हजेरी घेतात. मुलगा आधी समजावत बसायचा, "बाबा, तुम्ही रिटायर झालात." त्यावर भांडण व्हायचं. आता तो दारातूनच ओरडतो, "हजर, साहेब!" बाबा म्हणतात, "उशीर झाला, अर्धा दिवस कापतो." दोघंही हसतात. यात बाबांची थट्टा नाही, त्यांचा मान राखलेला आहे.

आई विसरते, चुकीचं बोलते, त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. नातवंडांनाही हे सांगा.

जाताना एवढं करा

- सकाळी जा. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी गोंधळ वाढतो.
- चष्मा पुसून द्या, कवळी बसवा. दात नसले की बाया तोंडावर पदर घेतात, मोकळ्या हसत नाहीत.
- ऐकू कमी येत असेल तर समोर बसून सावकाश बोला, ओरडू नका. कानात मळ असेल तर तिथल्या नर्सला दाखवा.
- जुना फोटो न्या, जात्यावरच्या ओव्या, तरुणपणीची गाणी काढा. कालचं जेवण न आठवणारी आई ओवी पुरी करते.
- घास तोंडात असताना हसवू नका, ठसका लागतो. लकवा झालेल्यांच्या बाबतीत जास्त जपा.
- हसताना लघवी सुटते म्हणून काही जणी हसणंच टाळतात. आल्याबरोबर बाथरूमला नेऊन आणा.
- रडू आलं तर रडू द्या. जबरदस्तीने हसवू नका.

हसू बाजूला ठेवून पाहायच्या गोष्टी

काल नीट बोलणारी आई आज अचानक बरळते, माणसं ओळखत नाही, नुसती झोपून आहे, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, रक्तातली साखर उतरणं किंवा नवी गोळी, यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लकव्यानंतर कारण नसताना हसू किंवा रडू फुटतं, ते आजाराचं लक्षण आहे. त्यावर औषध मिळतं.

कंबर, टाचा, खुबे पाहा. कातडी लाल दिसली आणि दाबूनही लाली गेली नाही, तर तिथे जखम सुरू होते आहे. अंगावर वळ दिसले, नर्स किंवा आया आल्यावर आई गप्प झाली, तर एकटीला जवळ घेऊन विचारा. तक्रार किंवा सल्ल्यासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. फोनला पैसे पडत नाहीत.

आणि निघताना "येते गं" म्हणून रडत उभं राहू नका. पुढच्या वेळी काय आणू, ते विचारा. "तंबाखू" असं उत्तर आलं, तर हसा आणि केळी न्या.